उजवीकडच्या मुंग्या

दिवाकरराव क्षेमकल्याणी म्हटलं की जुन्या नाशकातला माणूस हमखास विचारतो, "म्हणजे रामकुंडावरचे का?" दिवाकरराव त्यावर सांगत, "घराणं तिथलं. मी नव्हे." थोरल्या भावाने गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर बसून यजमान सांभाळले, यांनी विमा कंपनीत टेबल सांभाळलं, निवृत्त झाले आणि इंदिरानगरातल्या फ्लॅटमध्ये गुडघे चोळत बसले. सांगण्यासारखं यात काही नाही, आणि तसं कुणी तोंडावर म्हटलं असतं तरी ते रागावले नसते. फक्त एका बाबतीत त्यांना कमी लेखलेलं खपत नसे. ती बाब म्हणजे अँटेना.

दूरदर्शनच्या काळात, इंदिरानगरात अजून मळेच जास्त होते तेव्हा, गच्चीवरचा अँटेना फिरवून चित्र आणावं ते दिवाकररावांनीच. कावळा बसून दांडी वाकली, वाऱ्याने तोंड फिरलं, की शेजारीपाजारी त्यांनाच हाक मारत. पण गच्चीवरच्या माणसाला खालचा टीव्ही कुठला दिसायला? त्यासाठी मालिनीबाई. त्या टीव्हीसमोर उभ्या राहायच्या आणि खिडकीतून ओरडून सांगायच्या. "मुंग्या!" म्हणजे पडद्यावर नुसते काळेपांढरे ठिपके वळवळतायत. "अजून मुंग्या!" "कमी झाल्या!" आणि मग, "बस्स, हलू नका, आलं!" की दिवाकरराव वर हात तसाच धरून पुतळ्यासारखे उभे. गल्लीतली पोरं त्यांची नक्कल करायची. दिवाकरराव म्हणायचे, "करा, करा. तुमच्या घरी क्रिकेट दिसतंय ते आम्हा दोघांच्या जिवावर." त्यातलं 'दोघांच्या' ते कधी विसरत नसत.

पुढे केबल आली, मग डिश आली, आणि ही कला कुणाच्या कामाची राहिली नाही. दिवाकररावांनी ते मनाला लावून घेतलं नाही असं ते म्हणत. मालिनीबाईंना खरं काय ते ठाऊक होतं, पण त्या बोलत नसत.

आता ज्या दिवसाची गोष्ट आहे त्याला काही फार वर्षं झालेली नाहीत. मुलगी यशश्री पुण्याला असते. तिने आईबाबांसाठी भिंतीवर टांगायचा मोठा टीव्ही पाठवला, इंटरनेटवर चालणारा. त्यात म्हणे सगळं होतं. इतकं होतं की मालिनीबाईंना त्यात काहीच सापडेना. त्यांना हव्या असत संध्याकाळच्या मराठी बातम्या, त्याही दूरदर्शनच्या, एका माणसाने खुर्चीत बसून शांतपणे सांगितलेल्या. बाकीच्यांच्या बातम्या म्हणजे त्यांच्या मते नळावरचं भांडण. डिश लावावी तर सोसायटीने गच्चीचं वॉटरप्रूफिंग केल्यापासून तिथे खिळासुद्धा ठोकायला बंदी. सेक्रेटरीशी दिवाकरराव भांडून आले, उपयोग झाला नाही.

मग त्यांच्या डोक्यात आलं की घरात ठेवायचा अँटेना मिळतो. नुसतं आलं नाही, मुक्कामालाच आलं. दोन दिवस दुसरा विषय नाही. हवेतून येणारं दूरदर्शनचं प्रक्षेपण गावोगाव बंद होत चाललंय, हे पेपरात येऊन गेलं होतं. दिवाकररावांनी ते वाचलं नव्हतं. शब्दकोडं सोडवत बसले असतील, दुसरं काय.

त्या दिवशी सकाळी ते रिक्षाने महात्मा गांधी रोडला गेले. दुकानदार नवनाथ, मूळचा चांदवडकडचा, बोलायला मोकळा. त्याने काउंटरवर तीन अँटेने मांडले. एक जुन्या पद्धतीचा, दोन काड्या ओढून लांब करायच्या. एक पुठ्ठ्यासारखा चपटा, खिडकीच्या काचेला चिकटवायचा. आणि तिसरा बूस्टरचा, विजेवर चालणारा, वर लाल दिवा. दिवाकररावांनी तिन्ही उचलून पाहिले, काड्या ओढल्या, ढकलल्या, वायर बोटांत धरून जाडी अजमावली. नवनाथ म्हणाला, "घेऊन जा काका, नाय लागला तर बदलून देतो." त्यालाही प्रक्षेपणाचं नक्की काही माहीत नव्हतं. महिनोन्‌महिने धूळ खात पडलेला माल कुणीतरी घेतंय, एवढंच तो बघत होता.

दिवाकररावांचा जीव चपट्यावर गेला होता. तरी त्यांनी घरी फोन लावला. "मालू, काचेला चिकटवायचा पण मिळतो. कुठला घेऊ?"

"तुम्हाला फिरवता येईल असा घ्या," मालिनीबाई म्हणाल्या. "चिकटवून टाकल्यावर तुम्ही काय करणार?"

दिवाकरराव दुकानातच मोठ्याने हसले आणि काड्यांचा अँटेना घेऊन निघाले. रिक्षात बसल्यावरसुद्धा ते मधूनच हसत होते. आपल्याला इतकं ओळखणारं माणूस घरी आहे, याचं त्यांना त्या दिवशी फार बरं वाटलं होतं.

घरी आले तेव्हा पानं वाढलेली होती. मालिनीबाईंच्या हातून आमटीची वाटी सुटली आणि ओट्यावर सांडली. "हाताला काय तेल लागलंय का तुझ्या?" म्हणून त्यांनी थट्टा केली. त्याही हसल्या, फडक्याने पुसून घेतलं. मालिनीबाई दुखणं अंगावर काढणाऱ्या. ताप असला तर 'जरा कणकण', डोकं दुखलं तर 'जरा ऊन लागलं'. बीपीची गोळीसुद्धा दिवाकररावांनी हातावर ठेवली तरच घ्यायच्या. तेव्हा वाटी सुटली, यात विचार करण्यासारखं काही आहे असं कुणालाच वाटलं नाही.

जेवण झाल्याबरोबर दिवाकरराव कामाला लागले. टीव्ही होता गॅलरीच्या दाराशेजारच्या भिंतीवर, आणि सिग्नल पकडायचा तर गॅलरीतच. तिथून पडदा दिसत नाही. दिवाकररावांना त्याचं वाईट वाटण्याऐवजी उलट उत्साहच आला. सगळं कसं पूर्वीसारखं. त्यांनी मालिनीबाईंना सोफ्यावर नेऊन बसवलं, रिमोटवरून चॅनल शोधायला लावले आणि अँटेना घेऊन गॅलरीत गेले.

"तू फक्त मुंग्या सांग. बाकी माझ्यावर सोड."

"बरं," मालिनीबाई म्हणाल्या.

त्यांनी काड्या उघडल्या. एक पांडवलेण्यांकडे केली, एक शहराकडे. थोडा वेळ गेला.

"अहो," आतून आवाज आला, "मुंग्या येताहेत."

दिवाकररावांना कोण आनंद! मुंग्या येताहेत म्हणजे काहीतरी येतंय. "कुठे?"

"उजवीकडे."

त्यांनी उजवी काडी खाली घेतली. "आता?"

"आहेतच. खालून वर चढतायत."

हे त्यांनी अख्ख्या जन्मात ऐकलं नव्हतं. नव्या टीव्हीची तऱ्हा असेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं. "चढू देत. चढतायत म्हणजे सरकतायत. जातील."

"जातील ना?"

"जातील गं! तू हलू नकोस फक्त."

मालिनीबाई हलल्या नाहीत. दिवाकररावांनी अँटेना कठड्यावर ठेवून पाहिला, कुंडीवर ठेवून पाहिला, कपडे वाळत घालायच्या दोरीला अडकवून पाहिला. दर वेळी आत विचारायचे, "आता?" आणि दर वेळी आतून यायचं, "आहेत." उत्तर यायला हळूहळू उशीर होऊ लागला, आवाजही जरा जड येऊ लागला. दुपारची वेळ, पोटात जेवण, डुलकी लागली असेल बाईसाहेबांना, असं त्यांच्या मनात आलं. "झोपलीस का गं?" त्यांनी हाक मारली. "नाही," असं काहीसं आलं.

एकदा आत येऊन त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं असतं तर! पण जो अँटेनाशी उभा आहे त्याने पडद्याकडे बघायचं नाही, ही दोघांची जुनी रीत, आणि दिवाकररावांचं डोकं त्या काड्यांत असं अडकलं होतं की घराला आग लागली असती तरी त्यांनी आधी सिग्नल विचारला असता. हट्टी माणूस. चांगल्या मनाचा, पण हट्टी.

ऊन कलायला लागलं तेव्हा त्यांनी हार मानली. स्वतःची नाही, अँटेनाची. आत आले, भिंतीवरचं बटण दाबून टीव्ही बंद केला, वायर उपटली, गुंडाळली, खोक्यात घातली. मालिनीबाई सोफ्यावर होत्या. उजवा हात मांडीवर, आणि डाव्या हाताने त्या तो चोळत होत्या. दिवाकररावांना ते दिसलं. पुढे किती वेळा त्यांना ते दिसत राहिलं असेल! पण तेव्हा ते पिशवी शोधत होते.

"काड्यांत दम नाही गं. बूस्टरचाच घ्यायला हवा होता. आलोच बदलून."

"अहो," मालिनीबाई म्हणाल्या, "मुंग्या अजून आहेत."

"म्हणून तर चाललोय ना!" दिवाकरराव चपला सरकवत म्हणाले, आणि त्यांनी दार ओढून घेतलं.

मुंबई नाक्याला गर्दी होती. दुकानात पोचून त्यांनी खोकं काउंटरवर ठेवलं आणि तक्रार सुरू केली. इकडे फिरवला, तिकडे फिरवला, तरी मुंग्या जात नाहीत.

"कसल्या मुंग्या काका?" नवनाथ म्हणाला. "टीव्ही कुठला?"

दिवाकररावांनी कंपनीचं नाव सांगितलं.

"मग मुंग्या नाय येणार. ह्या टीव्हीत सिग्नल नसला का निळा पडदा येतो. नुसता निळा. मुंग्या जुन्या डब्ब्यात यायच्या."

"अरे, माझी बायको डोळ्यांनी बघून सांगतेय!" दिवाकररावांचा पारा चढला. "दुपारपासून सांगतेय. आत्ता निघतानासुद्धा म्हणाली, मुंग्या अजून..."

आणि ते तिथेच थांबले. निघताना टीव्ही बंद होता. त्यांनी स्वतः बंद केला होता. वायर समोरच्या खोक्यात होती.

"काका?" नवनाथ म्हणाला. "काका, काय झालं?"

दिवाकररावांनी फोन लावला. रिंग वाजत राहिली, वाजून बंद पडली. पुन्हा लावला. उजवीकडे, असं ती म्हणाली होती. खालून वर चढतायत. जातील ना, असं तिने विचारलं होतं, आणि आपण जातील गं म्हणालो होतो. बूस्टरचा अँटेना काढून नवनाथ काउंटरवर ठेवत होता. दिवाकरराव पिशवी तिथेच टाकून रस्त्यावर आले आणि दुखऱ्या गुडघ्यांनी धावत सुटले. रिक्षात बसून परत त्या मुंबई नाक्याला अडकले. पुढच्या गाड्यांना, सिग्नलला, स्वतःला शिव्या देत बसले. रिक्षावाला आरशातून बघत होता.

मालिनीबाई सोफ्यावरून खाली घसरल्या होत्या. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, डोळे उघडे होते. बंद टीव्हीकडेच तोंड होतं. दिवाकररावांनी हाका मारल्या, त्या ऐकून समोरच्या फ्लॅटमधली सुवर्णा धावत आली. "काकू, ओ काकू! काका, ह्या काय बोलत नाय!" तिने आणि मागोमाग वर आलेल्या रिक्षावाल्याने मिळून मालिनीबाईंना खाली नेलं. दिवाकरराव दार तसंच उघडं टाकून मागोमाग उतरले.

दवाखान्यात पोचेपर्यंत दिवे लागले होते. तरुण डॉक्टरीणबाईंनी भराभर विचारलं. बीपी आहे का, गोळ्या कुठल्या, आणि मग, "आधी हातापायाला मुंग्या वगैरे आल्या होत्या का? कधीपासून?"

"जेवणानंतर लगेच," दिवाकरराव म्हणाले. "सांगत होती मला. सारखी सांगत होती."

डॉक्टरीणबाईंनी घड्याळाकडे पाहिलं, मग दुसऱ्या डॉक्टरांकडे. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन असतं, पण ते ठरावीक तासांच्या आतच देता येतं, त्यानंतर दिलं तर उलट धोका, असं त्यांनी समजावून सांगितलं. आवाज चढवला नाही, बोल लावला नाही. तुम्ही तेव्हाच का आणलं नाही, असंही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. दिवाकररावांनी तिथेच काय ते सांगून टाकलं असतं.

मालिनीबाई वाचल्या. उजवी बाजू गेली, आणि वाचा गेली.

यशश्री आली ती रडत आली, बापाच्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही होतात म्हणून आई वाचली." पुण्याहून येताना वाटेत तिने स्वतःला हेच सांगून धीर दिला असणार. सुवर्णानेही सगळ्यांना सांगितलं होतं की काका कसे रिक्षातून उडी मारून आले. रामकुंडावरून थोरले भाऊ आले, त्यांनी पाठीवर हात ठेवला. दिवाकरराव प्रत्येकाचं ऐकून घेत. त्यांना तोंड उघडायचं असे. पण ज्या पोरीने असं गळ्यात पडून आपल्याला देव करून टाकलं, तिला काय सांगायचं? की तुझी आई मला हात बधिर होतोय म्हणून सांगत होती आणि मी कपड्यांच्या दोरीला अँटेना अडकवत होतो? ते गप्प बसले. एकदा गप्प बसलेला माणूस रोज थोडा थोडा जास्त गप्प बसतो. यशश्रीचा फोन रोज यायचा, आणि रोज ठेवताना ती म्हणायची, "तुम्ही आहात म्हणून मला काळजी नाही, बाबा."

मालिनीबाईंचं सगळं ते स्वतः करत. अंग पुसणं, वेणी घालणं, भरवणं. वेणी आधी वेडीवाकडी व्हायची, नंतर जमली. बोलायला शिकवायला एक मुलगी घरी येऊ लागली. मालिनीबाईंजवळ आता तीनच शब्द उरले होते, 'हं', 'नको' आणि 'पाणी'. आनंद झाला तरी पाणी, कंटाळा आला तरी पाणी. त्या मुलीने दिवाकररावांना शिकवलं, "आजोबा, नुसतं काय हवं असं विचारू नका. दोन गोष्टी पुढे ठेवा. चहा की दूध? दार उघडू की लावू? त्यांना सगळं समजतं, फक्त शब्द सापडत नाही. दोनांतला एक उचलणं सोपं जातं." दिवाकरराव तसं विचारू लागले. मालिनीबाई ओठ जुळवत, कपाळाला आठ्या घालत, आणि बऱ्याच खटपटीने कधी 'दू' असं काहीतरी यायचं. त्या दिवशी दिवाकरराव सुवर्णाला बोलावून सांगायचे.

मालिनीबाईंना सगळं समजतं, हे मात्र त्यांच्या मनातून जाईना. म्हणजे त्या दुपारचंही समजतं. आपण कुणाला सांगत होतो आणि तो काय ऐकत होता, हे तिला माहीत आहे. ती पडल्या पडल्या माझ्याकडे बघते तेव्हा काय बघते? तिने एकदा शिव्या घातल्या असत्या, तोंड फिरवलं असतं, तरी चाललं असतं. पण ती त्यांच्या हातून मुकाट्याने जेवायची, आणि डाव्या हाताने त्यांच्या शर्टावर सांडलेलं शीत उचलायची.

एका दुपारी ते तिच्या उजव्या हाताला तेल लावत होते. हात गार, बोटं आत वळलेली. ते एकेक बोट उघडून चोळत होते. आणि चोळता चोळता त्यांना राहवेना.

"मालू," ते म्हणाले. "त्या दिवशी तू मुंग्या म्हणत होतीस." त्या मुलीने शिकवल्याप्रमाणे त्यांनी दोन गोष्टी पुढे ठेवल्या. "टीव्हीत आल्या होत्या? की हातात?"

मालिनीबाई त्यांच्याकडे बघत ओठ जुळवू लागल्या. एकदा जुळवले, सुटले. पुन्हा जुळवले. कपाळावर घाम आला. दिवाकररावांना वाटलं, नको, नको बोलूस, मी उगीच विचारलं.

"टी," त्या म्हणाल्या. मग दम घेऊन, "व्ही."

दिवाकरराव तिचा हात हातात धरून बसले. "टीव्ही बंद होता गं," ते म्हणाले. "निघताना मी बंद केला होता. तुला माहितीये."

"टीव्ही," मालिनीबाई पुन्हा म्हणाल्या. या वेळी आधीपेक्षा लवकर, आणि रागाने. आणि मग त्यांच्या तोंडून आजारानंतर कधीच न आलेला एक शब्द आला. "पुरे."

दिवाकरराव रडले. म्हातारा माणूस रडतो तसे नाही, लहान मूल रडतं तसे, नाकातोंडातून. तेलाच्या हातांनी डोळे पुसले ते आणखी चुरचुरले. हिच्याजवळ शब्द उरलेले तीन, आणि जे दोन नवे जुळवले ते हिने या खोट्यासाठी वेचले. आपल्यासाठी.

त्याच वेळी यशश्रीचा रोजचा फोन आला. त्यांनी घेतला. आवाज ऐकून ती घाबरली. "काय झालं बाबा? आई बरी आहे ना?"

"बरी आहे. आई नवीन शब्द बोलली."

"खरंच? कुठला?" ती हसायला लागली होती. "सांगा ना बाबा, कुठला? आणि कशावर बोलली?"

दिवाकररावांनी मालिनीबाईंकडे पाहिलं. आता हे काय सांगणार ते त्यांना कळलं होतं. त्या उशीवरून मान हलवत होत्या, डावा हात फोनच्या दिशेने आणत होत्या.

"यशू," दिवाकरराव म्हणाले, "त्या दिवशी मी अँटेना आणायला गेलो होतो ना, त्याचं तुला सांगायचंय. आई वाचली ती माझ्यामुळे नाही. मधे बोलू नकोस, नाहीतर मी थांबेन."

आणि ते सांगू लागले. आमटीच्या वाटीपासून. मालिनीबाई "नको, नको" म्हणत होत्या. दिवाकररावांना ते अगदी स्पष्ट ऐकू येत होतं. पण ते थांबले नाहीत.